माझ्या पोटातला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना पिनबॉल आहे आणि तुमच्याशी बोलायला बसलो आहे तो काही चांगल्या मनाने नाही, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की आवाज मऊ करतात आणि हळूच डोळे पुसतात. मला रडता येत नाही. चिडता मात्र उत्तम येते, आणि गेले आठ महिने मी तेवढेच करत आलो आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले नसेल. मी म्हणजे चार पायांवर उभी असलेली एक लांबट लाकडी पेटी. वर काच. काचेखाली रंगवलेली फळी, फळीवर रबरी कडी घातलेले खुंट आणि अगदी खालच्या टोकाला बोटभर लांबीचे दोन दांडके. त्यांना फ्लिपर म्हणतात; पेटीच्या कडांवरची बटणे दाबली की ते झटकतात. खेळणारा उजव्या बाजूची मूठ ओढून सोडतो, पोलादी गोळी वर उडते, खुंटांवर आपटत, घंटा वाजवत खाली येते आणि दोन फ्लिपरांच्या मधून निसटायच्या आत तिला पुन्हा वर भिरकावायचे असते. गोळी खाली येते म्हणून खेळ आहे. माझा मागचा भाग उंच आणि पुढचा ठेंगणा असतो तो त्यासाठीच. ही साधी गोष्ट एका मोठ्या माणसाला पाच महिने कळली नाही, त्याची ही रडकथा आहे.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. माझ्या पोटात तारांचे जे जंजाळ आहे ते दोन बायकांनी जोडले. त्या दिवसभर एकमेकींशी भांडत, पण एकही सांधा त्यांनी कच्चा ठेवला नाही. माझ्या मागे उभी काच आहे, तिच्यावर एक पाणबुड्या आणि त्याला विळखा घालणारा समुद्रातला आठ हातांचा प्राणी रंगवलेला आहे. रंगाऱ्याला घरी जायची घाई होती. त्याने प्राण्याला सातच हात काढले आणि ब्रश धुऊन टाकला.

सगळ्यात शेवटी एका म्हाताऱ्या जोडाऱ्याने माझ्या पोटात, डाव्या भिंतीला, एक पितळी लोलक टांगला. वर एक पट्टी, पट्टीला तार, तारेच्या टोकाला वजन आणि वजनाभोवती एक कडे. कोणी मला उचलले, गदागदा हलवले किंवा लाथ मारली, की लोलक झुलून कड्याला लागतो. लागला की खेळ तिथेच बंद, आणि काचेवर ‘बाद’ हा शब्द लाल उजळतो. लबाडांसाठी ठेवलेला तो माझा पहारेकरी. त्याचा दुसरा काहीही उपयोग नाही.

माझी उमेदीची वर्षे एका चित्रपटगृहाच्या बाहेरच्या दालनात गेली. तिकिटांच्या खिडकीत एक मुलगी बसत असे. वीस-बावीस वर्षांची, आवाज खणखणीत, सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाइकाशी वाद घालायला कायम तयार. डोअरकीपरपासून मालकापर्यंत सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. चित्रपट सुरू होऊन दारे बंद झाली की ताई खिडकीची झडप लावायची आणि माझ्यासमोर येऊन उभी राहायची.

काय खेळायची म्हणून सांगू! बाकीचे लोक बटणे बडवत. ताई शांतपणे वाट बघायची आणि गोळी फ्लिपरच्या टोकाशी आली की एकच टिचकी. गोळी वाकड्या वाटेने निघाली तर तळहाताच्या उंचवट्याने मला कडेला असा हलकासा धक्का द्यायची, की गोळी वळायची पण लोलक कड्याला लागायचा नाही. गुण दाखवणारी माझी आकड्यांची चाके एकदा तिने पार शेवटपर्यंत नेऊन पुन्हा शून्यावर आणली होती. त्या प्राण्याला सातच हात आहेत हे उभ्या आयुष्यात तिच्या एकटीच्या लक्षात आले. लोक माझे कौतुक करायचे ते तिच्यामुळे, हे मला तेव्हाही कळत होते.

मग चित्रपटगृह बंद पडले. मला तळघरात न्यायला चार हमाल आले आणि जिन्यावर त्यांनी मला सोडले. सोडले म्हणजे अक्षरशः सोडले. मी तोंडावर आपटलो. पाय शाबूत राहिले, पण पोटातली लोलकाची पट्टी वाकली. त्यानंतर एकतीस वर्षे मी ताडपत्रीखाली होतो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही, तळघर होते आणि उंदीर होते.

त्या इमारतीत फर्निचरचे दुकान निघायचे ठरले आणि तळघराची फरशी बसवायला एक गवंडी आला. साठीचा, निवृत्तीला टेकलेला. त्याने ताडपत्री ओढली, काचेवरची धूळ बाहीने पुसली आणि बोट ठेवून प्राण्याचे हात मोजू लागला. एक, दोन, तीन... सात. पुन्हा मोजले. पुन्हा सातच. मग तो उलट्या घमेल्यावर मटकन बसला.

गवंडी हा ताईचा धाकटा भाऊ. ताई खेळत होती त्या वर्षांत तो दूरच्या गावांमधल्या बांधकामांवर मिस्त्र्यांच्या हाताखाली काम शिकत होता, त्यामुळे त्याने तिला खेळताना कधी पाहिले नव्हते. पण सात हातांच्या प्राण्याची गोष्ट त्याने घरी इतक्यांदा ऐकली होती, की काळोखातही त्याने मला ओळखले असते. दुकानाचा मालक म्हणाला, "न्या हो, मला ही अडगळच आहे." त्याच संध्याकाळी मी टेम्पोत चढलो आणि गवंड्याच्या घरी, मागच्या बाजूच्या हत्यारांच्या खोलीत येऊन उभा राहिलो.

तिथेच मला कळले की ताई याच घरात राहते. माझ्या पलीकडची खोली तिची. मधे फक्त एक विटेची भिंत. मला इतका आनंद झाला, की वीज असती तर मी आपण होऊन वाजलो असतो. पण लगेच गवंड्याची बायको आत आली आणि दार ओढून घेऊन कुजबुजत बोलू लागली.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात का? वन्संची मधली नजर आधी जाणार. कडेकडेचं थोडे दिवस राहील. वर्षभर धरून चाला, म्हणाले."

"विसरलो नाही म्हणून तर आणलं ना," गवंडी म्हणाला. "तिला दिसतंय तोवर हे चालू करून तिच्यासमोर उभं करायचं. एकदा मनसोक्त खेळू दे."

"मग आत्ताच बोलवा त्यांना. त्यांनाच याच्यातलं सगळं ठाऊक आहे."

"आणि हे असलं मोडकं दाखवू? छे! सगळं लखलखीत झालं की एकदम नेऊन उभी करणार तिला. तोवर तिला पत्ता लागता कामा नये. विचारलं तर सांग, कपाट करतोय."

झाले. ताईचा हात माझ्यापासून एका विटेवर आला होता, आणि या शहाण्याने दाराला कडी घातली. माझ्या तिन्ही घंटांना त्याने जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या, का, तर भिंतीपलीकडे आवाज जाऊ नये. मला तेव्हाच राग आला होता. पण तेव्हा निदान आशा होती.

विजेच्या कामासाठी गवंड्याने आपल्या मित्राला बोलावले. तो वायरमन होता आणि सगळे त्याला फ्यूज म्हणत. का म्हणत ते पहिल्याच दिवशी कळले. त्याने मला जोडले आणि अख्ख्या घराचे दिवे गेले. पण माणूस चिवट होता. तीन महिने दोघांनी मिळून माझ्या पोटातली एकेक पट्टी बारीक कानशीने घासली, उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलल्या, आकड्यांची चाके धुतली. हे काम त्यांनी चांगले केले, नाही म्हणणार नाही. तीन महिन्यांनी माझ्या अंगात वीज खेळली आणि त्याच क्षणी काचेवर लाल अक्षरे उजळली. ‘बाद’.

साहजिकच होते. पट्टी वाकल्यामुळे लोलक कड्याला चिकटूनच लटकत होता. फ्यूजने विजेरी घेऊन आत डोके घातले आणि म्हणाला, "इथे काहीतरी लोंबतंय बघ." मग गवंड्याने डोके घातले.

मित्रांनो, त्याचा चेहरा असा खुलला, की जणू परमुलखात त्याला कोणी आपल्या गल्लीतला भेटला.

"अरे, हा तर ओळंबा!" तो ओरडला. "भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं, माझ्या धंद्यातलं हत्यार! बघ, करणाऱ्यांनी आतच दिलंय. म्हणजे हे यंत्र ओळंब्यात बसवायचं असतं. ओळंबा कड्याच्या बरोब्बर मधे आला, की यंत्र बरोबर लागलं."

"असं असेल?" फ्यूज म्हणाला.

"असेल काय, आहेच! चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्यात मी."

चाळीस वर्षांत त्याने एक भिंत तिरकी बांधली नव्हती आणि एका फरशीवर पाणी साचू दिले नव्हते. तेच माझ्या मुळावर आले. त्याने फळीवर पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा एका टोकाला पळालेला पाहून जीभ चावली आणि माझ्या पुढच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवायला सुरुवात केली. एक ठोकळा, दोन ठोकळे, वर एक पातळ चीप. बुडबुडा मधे आला. आणि माझ्या फुटक्या नशिबाने, मी पुढून उचलला गेल्यामुळे वाकलेल्या पट्टीवरचा लोलकही कड्यापासून सुटून मधोमध आला. लाल अक्षरे विझली.

"बघ!" गवंडी म्हणाला. मी कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ ना हात.

त्याने मूठ ओढून गोळी सोडली. गोळी वर गेली, दोन खुंटांना लागली, रेंगाळली आणि फळीच्या मधोमध शांतपणे उभी राहिली. का राहणार नाही? सपाट जमिनीवर ठेवलेली गोळी कुठे जाणार? त्याने मला जेवणाच्या टेबलासारखे सपाट केले होते.

इथून पुढचे पाच महिने आठवले की अजून माझ्या तारा तापतात. गवंड्याला वाटले फळी खडबडीत आहे; त्याने ती घासून मेण लावले. गोळी आता जरा लांब जाऊन उभी राहिली. त्याला वाटले गोळी जड आहे. त्याने तीन दुकाने पालथी घालून नवी गोळी आणली. तीही उभी राहिली. मग फ्यूजने डोके चालवले. फ्लिपरांत जोर कमी आहे, असे म्हणून त्याने त्यांच्या विजेच्या गुंडाळीवर जाड तार चढवली. आता गोळी फ्लिपरजवळ हाताने नेऊन ठेवली की तोफेतून सुटल्यासारखी सुटायची, काचेवर थाडकन आपटायची आणि परत मधे येऊन उभी. दोघे मांडी घालून बसायचे आणि तिच्याकडे बघत राहायचे.

"मधे एकदा पाणसळ लावून बघ," फ्यूज म्हणायचा.

"पाणसळ केव्हाच लावली. तिथे खोट नाही," गवंडी म्हणायचा. आपल्या कामात चूक असू शकते हे सोडून त्याने सगळे तपासून पाहिले.

मला ओरडायचे होते. ठोकळे काढ रे बाबा, ठोकळे! पण माझा आवाज म्हणजे तीन घंटा, आणि त्यांच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या. मूग गिळून बसणे मी त्या पाच महिन्यांत शिकलो. आणि भिंतीपलीकडे काय चालले होते ते मला रोज ऐकू येत होते. सुरुवातीला ताई माझ्या दारावरून खाडखाड चालत जायची. मग पावले हळू झाली. मग पावलांबरोबर भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज येऊ लागला. एकदा पेला पडला, एकदा ती दाराच्या चौकटीला आपटली आणि स्वतःलाच शिव्या देत बसली. इकडे हा तिसऱ्यांदा मेण लावत होता.

"कपाट झालं का रे?" ती कधीकधी दारावर टकटक करून विचारायची.

"होतंय गं, थोडं राहिलंय."

"कपाट आहे का बंगला? इतके महिने झाले. आणि लाकडाचा वास कसा येत नाही? मेणाचा येतोय."

"पॉलिश करतोय."

"मला लपवाछपवी आवडत नाही, सांगून ठेवते," ताई म्हणायची आणि भिंत चाचपत परत जायची. बायको रात्रंदिवस गवंड्याच्या मागे लागली होती, की आता तरी वन्संना बोलवा. तो रोज उद्यावर ढकलायचा. आता त्याला दाखवायची लाजही वाटू लागली होती, हे माझ्या लक्षात आले होते.

शेवटी सोडवले ते त्या तोफेसारख्या फ्लिपरने. एका सकाळी गोळी अशी उसळली, की मधल्या घंटेवरची चिंधी उडाली. दुसऱ्या फटक्याला ती शंभर गुणांची घंटा वाजली. एकतीस वर्षांनी, स्वच्छ, एकदाच.

पलीकडे खुर्ची सरकली. भिंतीवरून हात सरकला, आणि या वेळी टकटक न करता दार ढकलले गेले. कडी लावायला गवंडी विसरला होता.

"ही शंभराची घंटा आहे," ताई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच, खिडकीतला. "कपाटात शंभराची घंटा कुठून आली?"

गवंडी उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "ताई, तुला एकदम दाखवायचं होतं गं. अजून पुरतं झालं नाही."

ती पुढे आली. तिने माझ्या कडेवर तळहात ठेवला. मग काचेवर. मग तो खालून वर, वरून खाली फिरवला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"याला सपाट कोणी केलं?"

गवंड्याने छाती पुढे काढून ओळंब्याची सगळी हकीकत सांगितली. कसा आत सापडला, कसा मधे आणला, पाणसळ कशी काट्यावर आहे. ताईने सगळे ऐकून घेतले. आधी तिला हसू फुटले. मग ते कुठेतरी विरले.

"अरे, तो ओळंबा नाही. कोणी यंत्र हलवून लबाडी केली तर खेळ बंद पाडायला ठेवलेला लोलक आहे तो. त्याची पट्टी वाकली असेल. आमच्याकडे मेकॅनिक दर सहा महिन्यांनी चिमट्याने सरळ करून जायचा. आणि याला मागून उंच करायचं असतं, म्हणजे गोळी खाली येते. गोळी खाली आली नाही तर खेळणार काय, तिची पूजा करणार?"

पंधरा मिनिटे लागली. ठोकळे पुढून काढून त्यांतले काही मागे सरकवले, चिमट्याने पट्टी सरळ केली, घंटांच्या चिंध्या ओढून काढल्या. फक्त पंधरा मिनिटे, मित्रांनो. मी पाच महिन्यांशी त्यांचा हिशोब जुळवायचा प्रयत्न करतो आणि अजून माझे डोके फिरते.

ताईने मूठ ओढली. तोच हात, तोच ताण. गोळी वर गेली, तिन्ही घंटा वाजल्या, आकड्यांची चाके खडखडली, गोळी वळली आणि खाली येऊ लागली. मी जीव एकवटून वाट बघत होतो. ताईची बोटे बटणांवर होती. ती मान वळवून बघत होती, जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे. गोळी दोन फ्लिपरांच्या मधून सरळ निघून गेली. बटणे दाबली गेलीच नाहीत.

"कुठेय गोळी?" तिने विचारले.

"गेली गं," गवंडी म्हणाला.

तिने दुसरी सोडली. तीही गेली. तिसरीच्या वेळी ती जवळजवळ काचेवर वाकली होती. तिसरी गेल्यावर ती सरळ उभी राहिली.

"मधलं काही दिसत नाही रे आता. दोन महिने झाले." मग तिचा आवाज चढला. "तू हे आणलंस तेव्हा मला गोळी दिसत होती! सुईत दोरा ओवत होते मी तेव्हा! भिंतीपलीकडे बसवून ठेवलंस मला, कपाट करतोय म्हणून!"

गवंडी त्या मोकळ्या ठोकळ्यांपैकी एकावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. फ्यूज तारा गोळा करायच्या निमित्ताने बाहेर गेला. मला गवंड्याची कीव आली असे मी म्हणणार नाही. मला त्याचा संताप आला होता आणि त्याच्याबरोबर रडताही येत नव्हते, म्हणून आणखी संताप आला होता.

मग ताई म्हणाली, "ऊठ. इथे माझ्याशेजारी उभा राहा आणि गोळी कुठे आहे ते सांग. वेळेवर सांग, नाहीतर फटके खाशील."

तेव्हापासून रोज सकाळी दोघे येतात. "डावीकडे... डावीकडे येतेय... आत्ता!" गवंडी ओरडतो, आणि त्याचे ‘आत्ता’ नेहमी अर्ध्या क्षणाने उशिरा येते. ताई त्याच्यावर खेकसते, "भिंत बांधतोयस का? लवकर बोल!" तो लवकर बोलतो, मग ते फारच लवकर होते. जुन्या दिवसांत ती एका गोळीवर करायची तेवढे आकडे आता दोघांना मिळून आठवड्यात होत नाहीत. मी माझ्याकडून फ्लिपर जमेल तितके झटकतो. पण खोटे कशाला सांगू, हा तो खेळ नाही, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

मित्रांनो, इथे मी तुम्हाला जुन्या वस्तू जपा, त्यांना पुसा, त्यांचे तेलपाणी करा, असे सांगावे अशी पद्धत आहे. पुसा हवे तर. पण माझे काही अडले नव्हते. एकतीस वर्षे तळघरात काढलेल्या यंत्राला आणखी आठ महिन्यांनी काय होणार होते? माझी विनंती दुसरीच आहे. कोणासाठी म्हणून काही दुरुस्त करायला घ्याल, तर त्या माणसाला पहिल्याच दिवशी आत बोलवा. मोडके, धुळीने माखलेले, लाज वाटण्यासारखे असेल तसेच त्याच्या हाताखाली येऊ द्या. लखलखीत करून दाखवण्याची हौस तुमची असते, त्याची नसते. त्याच्याकडे वेळ किती आहे ते आधी विचारा.

खेळ संपला की ताई माझ्या उजव्या बाजूला येऊन, तोंड जरा फिरवून उभी राहते. तशी उभी राहिली की माझ्या डाव्या कडेचे चार पिवळे दिवे तिला नजरेच्या कोपऱ्यातून दिसतात. तेवढेच दिसतात. ती ते मोजते. "चार," ती म्हणते, आणि गवंडी म्हणतो, "चार," आणि मग दोघे न्याहारीला जातात.

परवा तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितले.

"तीन," ती म्हणाली. "बघ रे, वरचा एक दिवा गेलाय वाटतं."

गवंड्याने काचेवर वाकून पाहिले. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

"हो गं, गेलाय," तो म्हणाला. "उद्या बदलतो."

माझे चारही दिवे लागलेले होते.